प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली

दर वर्षी २८ फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रातील शाळांतून विज्ञानाचा उत्सव सुरू होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन यांच्या तसबिरीला हार पडतो, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते, वैज्ञानिक दृष्टिकोनाची महती सांगितली जाते. त्या दिवशी कित्येक शाळांतून आणखी एक दुर्मिळ घटना घडते. प्रयोगशाळेचे कपाट उघडले जाते. त्यातील भिंगे, चुंबक, तराजू, पितळी गोल आणि कडे टेबलावर मांडली जातात, कोणी हात लावू नये अशी ताकीद दिली जाते, आणि संध्याकाळी कपाटाला पुन्हा कुलूप लागते. ते वर्षभरासाठी लागते.

याला अपवाद आहेत. पदरचे पैसे खर्चून, सुट्टीत राबून मुलांच्या हातून प्रयोग करवून घेणारे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांतही आहेत आणि आश्रमशाळांतही आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगूनच हे म्हटले पाहिजे की व्यवस्था अपवादांवर चालत नसते. आणि जी व्यवस्था चालू आहे ती बहुसंख्य मुलांना विज्ञान शिकवीत नाही. विज्ञानाविषयीची वाक्ये पाठ करावयास लावते.

वर्गात भौतिकशास्त्राचे प्रयोग व्हावेत की न व्हावेत, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पदविकेपुरता आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुरोगामी म्हणविणारे पक्षही तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतात. वस्तुतः हा प्रश्न सत्तेचा आहे. एखादी गोष्ट खरी का मानावयाची? पुस्तकात छापली आहे म्हणून, गुरुजी सांगतात म्हणून, वाडवडील मानत आले म्हणून, की स्वतः पडताळून पाहता येते म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मुलाला पहिल्यांदा कोठे मिळते, यावर तो उद्या कोणत्या प्रकारचा नागरिक होणार हे पुष्कळसे ठरते. घरात ते उत्तर मिळत नाही, देवळात मिळत नाही, निवडणुकीच्या सभेत तर नाहीच नाही. ते मिळण्याची एकच जागा समाजाने राखून ठेवली होती, ती म्हणजे विज्ञानाचा तास. तेथेही पडताळणीऐवजी पाठांतराचे राज्य असेल, तर संविधानातील शब्दांना अर्थ उरत नाही.

त्या शब्दांचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे कलम १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. ते साल आणीबाणीचे होते. शोधकबुद्धी हे कर्तव्य म्हणून लिहिणारे सरकार त्याच वेळी प्रश्न विचारणाऱ्यांना तुरुंगात डांबून बसले होते. कर्तव्य कागदावर लिहावयाचे आणि ते बजावण्याची साधने कुलपात ठेवावयाची, ही राज्यकर्त्यांची रीत तेव्हापासून आजपर्यंत पक्ष बदलले तरी बदललेली नाही.

येथे एक उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. बशीत पाणी घेऊन मध्ये मेणबत्ती उभी करावयाची, ती पेटवून वर काचेचा पेला पालथा घालावयाचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. हा प्रयोग पिढ्यानुपिढ्या शाळांतून दाखविला जातो, आणि त्याचे स्पष्टीकरणही पिढ्यानुपिढ्या ठरलेले आहे: हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, तो ज्वलनात संपतो, त्याची जागा पाणी घेते. मुले हे लिहितात आणि त्यांना गुण मिळतात.

हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यातील प्राणवायू संपलेला नसतो. त्याचा बराच मोठा भाग शिल्लक असतो. जो खर्च होतो त्याच्या जागी कर्बद्विप्राणिल वायू आणि पाण्याची वाफ तयार झालेली असते. पाणी चढते ते मुख्यतः दुसऱ्याच कारणाने. ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातील हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग कडेने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जातो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब बशीतील पाणी आत ढकलतो. हे कळण्यासाठी कोणत्याही मोठ्या पंडिताची गरज नाही. प्राणवायू जळत जाईल तसतसे पाणी सावकाश वर चढावयास हवे होते; प्रत्यक्षात ते ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते; पेला तोच, त्यातील प्राणवायूही तेवढाच, मग पाणी अधिक का? हा प्रश्न सहावीतील मूल विचारू शकते. मात्र त्यासाठी त्याच्या हातात पेला असावा लागतो, तिसरी मेणबत्ती लावून पाहण्याची त्याला मुभा असावी लागते, आणि पुस्तक चुकले असे म्हणण्याची त्याच्या शिक्षकाला भीती वाटता कामा नये.

म्हणजे वर्गात प्रयोग दाखविला म्हणून काम भागले असेही नाही. टेबलामागे उभे राहून गुरुजींनी करावयाचा, साठ मुलांनी दुरून पाहावयाचा, आणि आधीच फळ्यावर लिहून ठेवलेला निष्कर्ष शेवटी उतरवून घ्यावयाचा, असा प्रयोग आणि पोथीवाचन यांत तत्त्वतः अंतर नाही. दोन्हींत श्रोत्याने माना डोलवावयाच्या असतात. मेणबत्तीचा प्रयोग डोळ्यांदेखत आपल्याच स्पष्टीकरणाला खोटे पाडीत असतानाही ते स्पष्टीकरण पिढ्यानुपिढ्या टिकले, याचे कारण हेच की पाहणाऱ्यांना पाहण्याचा अधिकार कधी दिलाच गेला नाही.

याहून गंभीर प्रकार प्रयोगवहीचा आहे. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३०. हे गुण कसे मिळतात हे शिक्षक, पालक, विद्यार्थी आणि मंडळ सर्वांनाच ठाऊक आहे. दोरीला दगड बांधून केलेल्या लंबकाचे उदाहरण घ्यावे. दोरीची लांबी एक मीटर ठेवली तर वीस आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी हे खरोखर मोजले तर कोणाला ३९ मिळतील, कोणाला ४१, एखाद्या टोळीचे एक आंदोलन मोजावयाचे राहून गेलेले असेल. मग दगड दुप्पट जड घेतला तरी काळ का बदलत नाही, आणि दोरी आखूड केली की लगेच का बदलतो, हे वर्ग आपसांत भांडून ठरवील. परंतु वर्गातील साठही प्रयोगवह्यांत एकच आकडा असतो, दशांश चिन्हानंतरच्या अंकांसह एकच. कारण तो एकाच वहीतून, आणि ती वही गेल्या वर्षीच्या वहीतून उतरविलेली असते. न घेतलेले मोजमाप घेतले म्हणून लिहावयाचे, त्याखाली सही मिळवावयाची आणि त्याबद्दल गुण घ्यावयाचे, ही खोट्या कागदपत्रांची पहिली रीतसर शिकवणी राज्यातील मुलांना विज्ञानाच्या नावाने दिली जाते. पुढे कधीतरी न बांधलेल्या बंधाऱ्याची मोजमापे नोंदवहीत भरणारा अधिकारी निपजला तर त्याचे आश्चर्य कशाला वाटावे?

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. प्रवेशपरीक्षांच्या खाजगी शिकवण्यांत जाणाऱ्या सधन घरच्या मुलालाही प्रयोगशाळा फारशी दिसत नाही, हे खरे. त्या परीक्षांना प्रयोग लागतच नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालावयाचे आणि शिकवणीवर्गात बसावयाचे, हा व्यवहार आता राजरोस चालतो. परंतु त्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, संग्रहालयांच्या सहली आहेत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस आहे. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या मुलीला विज्ञानाशी गाठ घालून देणारी शाळा ही एकमेव जागा आहे. तेथे कुलूप असेल तर तिच्यासाठी सर्वत्रच कुलूप आहे.

आणि दुःखाची गोष्ट अशी की पदार्थविज्ञान तिच्या जगण्यात ठायी ठायी भरलेले आहे. कपाटातील पितळी गोल थंड असताना कड्यातून जातो आणि तापविल्यावर जात नाही, हे दाखवून धातूचे प्रसरण शिकवावयाचे असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना गावचा लोहार कालपरवापर्यंत हेच तर करीत होता. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवावयाची, शेणी रचून ती लाल होईतो तापवावयाची, प्रसरण पावली की चाकावर बसवावयाची आणि पाणी ओतून आवळून घ्यावयाची. हवेच्या दाबाचा धडा पुस्तकात असतो. आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले की शेतकरी मोटरपंप विहिरीत खाली उतरवून का बसवितो, हे त्या धड्यात नसते. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलू शकतो, व्यवहारात त्याहूनही कमी, म्हणून वर बसविलेला पंप कितीही ताकदीचा घेतला तरी त्याहून खोलचे पाणी ओढू शकत नाही. ज्या मुलाच्या बापाने ही गोष्ट कष्टाने शिकलेली आहे, त्या मुलाला शाळा सांगते की तुझ्या घरी अज्ञान आहे आणि ज्ञान या पुस्तकात आहे. हात आणि डोके यांची जी फारकत या देशातील जातिव्यवस्थेने हजारो वर्षे केली, राबणाऱ्याला ज्ञान नाही आणि ज्ञानवंताला राबणे नाही अशी जी वाटणी केली, तिच्याविरुद्ध जोतीराव फुल्यांनी शाळा काढल्या. त्याच महाराष्ट्रातील शाळा विज्ञानाच्या तासाला ती फारकत नव्याने पक्की करीत आहे.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: पैसा नाही. परंतु वर सांगितलेल्या प्रयोगांना पेला, बशी, मेणबत्ती, दोरी आणि दगड यांखेरीज काय लागते? कपाटातील सामान वापरले जात नाही त्याचे खरे कारण शिक्षकांना विचारावे. प्रत्येक वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते. परीक्षानळी फुटली तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो, प्रसंगी भरपाईही त्याच्याच पगारातून होते. कपाट बंद ठेवले तर मात्र कोणीही जाब विचारीत नाही. तपासणीला साहेब आले की वस्तू मोजल्या जातात. त्या वापरल्या गेल्या का, हे मोजले जात नाही. अशा स्थितीत शहाणा शिक्षक कुलूप लावील नाही तर काय करील? त्यात त्याच्या डोक्यावर नाना प्रकारची माहिती भरण्याचे, सर्वेक्षणांचे आणि योजनांच्या हिशेबांचे ओझे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मुभा ठेवली आहे. प्रत्यक्षात काय चालते हे सांगण्याची गरज नाही.

दुसरे उत्तर अलीकडचे आहे, ते म्हणजे पडदा. शाळा डिजिटल झाली, आता कपाट कशाला, मुले प्रयोग पडद्यावरच पाहतील. कंत्राटदाराला हे सोयीचे आहे, उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यालाही सोयीचे आहे. पडद्याचा उपयोग नाही असे नाही; जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवावयास तो चांगलाच. परंतु पडद्यावरील प्रयोग कधी फसत नाही, आणि तोच त्याचा दोष आहे. त्याला तिसरी मेणबत्ती लावून दाखव म्हणता येत नाही. तेथे लंबकाची वीस आंदोलने नेहमी बरोबरच येतात. फसलेल्या प्रयोगाची कारणे शोधण्यात जे शिक्षण आहे ते त्यातून वजा होते. उरते ते गुळगुळीत पोथीवाचन.

हे सारे स्वप्नरंजन आहे, खेड्यातील साध्या शाळेत असे काही घडणे शक्य नाही, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी होशंगाबादचा इतिहास पाहावा. मध्य प्रदेशातील या जिल्ह्यात — आज त्याचे नाव नर्मदापुरम आहे — १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक त्यांच्या मदतीस आले. मुले चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत, ती आपल्या निरीक्षणांवरून मुलांनीच काढावयाची असत. परीक्षेला पुस्तक आणि वही बरोबर नेता येई, कारण परीक्षा स्मरणशक्तीची नव्हती. आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखर प्रात्यक्षिकाची असे. १९७८ साली हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्याच्या शाळांत गेला. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे इतर जिल्ह्यांतही नेला. या शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी होते, मुले शेतकऱ्या-मजुरांची होती. तीस वर्षे हे चालले. २००२ साली राज्यातील काँग्रेस सरकारने एका आदेशाने ते शाळांतून बंद केले. वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला. आदेश फिरला नाही.

या घटनेपासून डाव्या आणि समाजवादी चळवळीने धडा घ्यावयास हवा होता. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, हमीभावासाठी मोर्चे निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. पण मुलाच्या हातातील पेला आणि दोरी काढून घेतली गेली म्हणून सरकार पडत नाही, हे राज्यकर्ते ओळखून आहेत. ज्या शिक्षणाच्या मागे संघटित जनता उभी नाही, ते कितीही उत्तम असले तरी एका आदेशाचे धनी असते.

महाराष्ट्रातील चळवळीला तर याची अधिक निकड आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा भोंदूला तुरुंगात पाठवू शकतो. पुरावा मागणारे मन तो निर्माण करू शकत नाही. ते मन सहावीच्या वर्गात घडते किंवा तेथेच मोडते. व्यासपीठावर चमत्कारांमागील रसायन उलगडून दाखविणाऱ्या कार्यकर्त्यांचे धैर्य मोठे आहे. तथापि तेथेही एक धोका आहेच. प्रेक्षकाने बाबावरील विश्वास काढून तो कार्यकर्त्यावर ठेवला, एवढेच घडले तर बदल झाला तो फक्त गुरूचा. ज्याने लहानपणी स्वतःच्या हाताने पुस्तकाचे एक वाक्य खोटे पाडले आहे, त्याला फसविणे मात्र बाबालाही जड जाते आणि पुढाऱ्यालाही.

तेव्हा करावयाचे काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. ठिकठिकाणचे पक्ष कार्यकर्ते पालक म्हणून या समित्यांवर आहेत, नसतील तेथे जाऊ शकतात. त्यांनी पुढच्याच बैठकीत एक साधा प्रश्न विचारावा: कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि कपाट शेवटचे कधी उघडले? प्रयोगात फुटणाऱ्या सामानाची तरतूद वार्षिक अनुदानातच व्हावी आणि त्याची वसुली शिक्षकाकडून कदापि होऊ नये, हा ठराव प्रत्येक समितीने करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. कायद्याबाहेरची अशैक्षणिक कामे नाकारणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी पालकांनी उभे राहावे. आणि शिक्षक संघटनांनीही वेतनाच्या मागण्यांबरोबर ही मागणी आपल्या मागणीपत्रात घ्यावी. प्रात्यक्षिकाचे गुण उतरविलेल्या वहीला देण्याची प्रथा बंद करून समोर केलेल्या कामाला, वही-पुस्तक उघडे ठेवून, ते दिले जावेत असा आग्रह परीक्षा मंडळाकडे धरावा. आणि ज्या गावात पक्षाची शाखा आहे तेथे सुट्टीच्या दिवशी बशी, पेला आणि तीन मेणबत्त्या घेऊन बसण्यास कोणत्याही आदेशाची गरज नाही.

समाजवादाचा विचार अखेर याच श्रद्धेवर उभा आहे की सामान्य माणूस स्वतः पाहू शकतो, स्वतः विचार करू शकतो आणि म्हणूनच स्वतःवर राज्य करू शकतो. ही श्रद्धा भाषणांतून रुजत नाही. ती रुजते जेव्हा एखादी मुलगी विझलेल्या मेणबत्तीकडे पाहून म्हणते, "सर, पुस्तकात चुकलंय." तिच्या त्या वाक्याला शाळेत शिक्षा होते की शाबासकी मिळते, यावर या राज्यातील लोकशाहीचे पुष्कळ काही अवलंबून आहे.